डाल्याखालचं पाऊल

नानांच्या आधी त्यांच्या बुटांचा आवाज घरी यायचा. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक फरशी हलत होती. तिच्यावर बूट पडला की ती खडक्कन वाजायची, आणि त्या आवाजावर माय भाकरी तव्यावर टाकायची. फरशीपासून ओट्यापर्यंत चालत येणं, बूट उतरवणं, पोटऱ्यांना गुंडाळलेल्या खाकी पट्ट्या सोडणं, हातपाय धुणं, पाटावर बसणं, एवढ्यात भाकरी फुगून ताटात आलेली असायची. घड्याळ आमच्या घरी नव्हतं आणि त्याची गरजही कधी भासली नाही. पुढे माझ्या नोकरीत मी सरकारी घड्याळावर हजारो बाळंतपणं नोंदवली, पण इतक्या अचूक वेळेवर चालणारी दुसरी गोष्ट मी पाहिली नाही.

माझे वडील फौजदार होते. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण या हकिकतीतल्या माणसांची नातवंडं अजून तिथं दुकानं चालवतात. तळोद्याहून बैलगाडीनं अर्ध्या दिवसावर, सातपुडा उत्तरेला हाताच्या अंतरावर दिसतो असं बाजाराचं गाव, एवढं पुरे. मंगळवारी बाजार भरायचा. डोंगरातली माणसं चारोळी, डिंक, मोहाची फुलं घेऊन उतरायची आणि मीठ, कापड घेऊन परत चढायची. ठाण्याच्या पडवीत रुळाचा एक तुकडा टांगलेला होता. पहाऱ्यावरच्या शिपायानं त्याच्यावर दर तासाला टोले द्यायचे. भिका शिपायाची पाळी असली की गावाचा तास लांबायचा. माय म्हणायची, "भिकाना बारा वाजतस तवय सूर्य बी हासस."

नाना ठाण्यात पुस्तकातली मराठी बोलत आणि उंबरठ्याच्या आत आले की अहिराणी. 'सदरहू इसम' ठाण्यात राहायचा, घरी 'तो बापडा' यायचा. बाहेर त्यांचा दरारा होता, निदान आम्ही तसं ऐकून होतो. घरी मात्र दर रविवारी ते ओट्यावर बसून आम्हा दोघी बहिणींच्या डोक्याला तेल लावायचे आणि वेण्या घालायचे. वेणी इतकी आवळून घालायचे की डोळे बारीक व्हायचे, पण ती बुधवारपर्यंत सुटत नसे. शेजारच्या बायका पदराआड हसायच्या. नाना म्हणायचे, "चोरले दोर बांधतास तवय कोनी हासत नई, पोरनी येनी बांधी ते हासतस." त्यांच्या पट्ट्या गुंडाळून ठेवणं आणि पट्ट्याचं पितळी बक्कल चिंचेनं घासणं हे काम माझं. बक्कलात मला माझं नाक दिसेपर्यंत मी ते सोडत नसे.

खायला साधंच असायचं. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, ठेचा, कच्चं तेल, कांदा. थंडीत वांग्याचं भरीत, उन्हाळ्यात डाळीचे वाफवलेले फुनके आणि कढी. कोठडीत कुणी बसलेलं असलं की त्याचीही भाकरी आमच्याच चुलीवर व्हायची. माय ती मोजून करत नसे. "सरकारना कैदी, पन भूक ते त्यानी सोतानी शे ना?" असं म्हणून ती वर ठेच्याचा गोळा ठेवायची. ते ताट घेऊन जायचं काम माझं. त्यामुळे कोठडीच्या गजांची भीती मला कधी वाटली नाही. भाकरी आडवी जात नाही, उभी धरावी लागते, एवढंच मला त्या गजांविषयी माहीत होतं.

त्या वर्षी वैशाखात आमच्या कोंबडीला अकरा पिलं झाली होती. बाजेवर ज्वारीच्या पापडांसारख्या बिबड्या वाळत घातलेल्या असायच्या आणि बाजेखाली पिलं. दुपारी त्यांच्यावर डालं झाकायचं. डालं म्हणजे बांबूची मोठी टोपली, कोंबड्या झाकायची. आमच्या डाल्याची कड एका जागी तुटली होती आणि मायनं तिथं लाल चिंधी बांधली होती. गावात शंभर डाली असतील, पण ते लांबूनही ओळखू यायचं.

आमच्या भागात चोरी झाली की पहिल्यांदा पाऊल शोधायचे. बोटांचे ठसे वगैरे मोठ्या शहरात असतील, आमच्याकडे पायाचाच ठसा चाले. ओल्या मातीत पाऊल मिळालं की त्याच्यावर टोपली पालथी घालायची, वर दगड ठेवायचा, शिपाई बसवायचा, आणि डोंगरपायथ्याच्या पाड्यावरून वेस्ता बाबाला बोलावणं धाडायचं. वेस्ता बाबा भिल्ल, वय विचारलं तर हसायचा. पाऊल पाहून तो माग काढायचा. खडकावरून, नाल्यातून, गुरांच्या खुरांमधून. हातात एक काडी असायची, पावलाच्या लांबीइतकी मोडून घेतलेली. आणि या कामाचा एक जुना रिवाज होता, सरकारच्याही आधीचा. नानांनी तो आम्हाला जेवताना सांगितला होता: "ज्याना दारशी माग थांबस, त्यानी जबाब देवाना." मग ते दार पाटलाचं असो की पुजाऱ्याचं.

आमच्या मागच्या बोळात चंपालाल सेठ यांच्या घराची पिछाडी होती. कापडाचं दुकान, पिढ्यांपूर्वी मारवाडातून आलेली माणसं, बोलायची मात्र आमच्यासारखीच अहिराणी. सेठ वाईट माणूस नव्हता. संक्रांतीला त्यांच्या घरून तिळाच्या वड्या यायच्याच. एके दिवशी सकाळी त्यांच्या सुनेचा कमरेचा चांदीचा कंदोरा पेटीतून गेलेला निघाला. मोरीच्या बाहेर, जिथं सांडपाण्यानं माती ओली राहायची, तिथं एक अनवाणी पाऊल उमटलेलं होतं. सेठच्या घरी गोमा नावाचा भिल्ल सालदार होता. घरात वावरणारा, अनवाणी, आणि भिल्ल. संशयाला एवढं पुरे झालं. नानांनी लांबी मोजली, ती गोमाच्या पायाशी जुळली. त्यांनी गोमाला कोठडीत बसवलं, वेस्ता बाबाला निरोप पाठवला आणि पाऊल झाकायला आमच्या अंगणातलं डालं उचलून नेलं.

मी तेव्हा शाळेत होते. उन्हाळ्यात शाळा सकाळची असे. दुपारी घरी आले तर माय बिबड्या उलटवत होती. म्हणाली, "पोरी, वर घार फिरी ऱ्हायनी. डालं कोठे शे, देख बरं." मी अंगण पाहिलं, गोठा पाहिला, मग मागच्या बोळात गेले. सेठच्या मोरीजवळ लाल चिंधीचं डालं पालथं पडलेलं, वर दगड. सेठच्या पोरांनी खेळायला नेलं असणार, असं मला वाटलं. मी अकरा वर्षांची होते आणि माझा राग माझ्यापेक्षा मोठा होता. भिका शिपाई लिंबाखाली भिंतीला टेकून बसला होता, डोळे मिटून. मी दगड खाली ठेवला, डालं दोन्ही हातांनी कवेत घेतलं, आणि खाली पाहिलं.

ते पाऊल मला आजही काढून दाखवता येईल. टाच खोल, मधला भाग बारीक, आणि पाचही बोटं लसणाच्या पाकळ्यांसारखी एकमेकींना चिकटलेली. मी पाहिलं आणि त्याच क्षणी, डाल्याच्या ओझ्यानं पुढे झुकल्यामुळे, माझा पाय त्याच्यावर पडला. पाय उचलला तेव्हा बोटं गेलेली होती. फौजदाराच्या मुलीला आपण काय केलं ते कळायला वेळ लागला नाही. त्यानंतर मी जे केलं त्याला मात्र चूक म्हणता येणार नाही. ते मी विचार करून केलं. तळहातानं माती सपाट केली, मोरीतलं ओंजळभर पाणी शिंपडलं आणि माझा उजवा पाय नीट दाबून तिथं नवं पाऊल उमटवलं. माझे पाय वयाच्या मानानं मोठे होते. डालं वर ठेवलं, दगड ठेवला. भिका घोरत होता. घरी येऊन मी मायला सांगितलं, डालं सापडत नाही. तासाभरात घारीनं एक पिल्लू नेलं.

दिवस कलताना मी गोमाचं ताट घेऊन गेले. गोमा म्हणजे मला पोहायला शिकवणारा माणूस. सेठची म्हैस नदीवर नेताना मलाही न्यायचा. गजांमधून भाकरी घेत तो म्हणाला, "येसूबाय, ठेचा आज जोरदार शे." मग माझ्याकडे पाहून, "तू काबरं रडी ऱ्हायनी? सकाय वेस्ता बाबा ई, पाऊल देखी, मंग मी घर. पाऊल लबाड बोलत नई." तो ठेचा खात होता आणि त्याला खरंच काळजी नव्हती. त्याचा त्या पावलावर विश्वास होता, आणि ते पाऊल आता माझं होतं.

मी सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. नानांची फरशी वाजली, भाकरी फुगली, नाना जेवले. पिल्लू गेल्याचं मायनं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "डालं मीच लेई गयथू. कामले लागनं." माय माझ्याकडे बघतच राहिली, कारण मी तर सगळीकडे शोधून आले होते. आमच्या घरी बायका नेमक्या वेळी बोलत नसत.

दुसऱ्या दिवशी सकाळी वेस्ता बाबा आला. लंगोटी, डोक्याला मळकं फडकं, हातात काही नाही. बोळात निम्मं गाव जमलं. चंपालाल सेठ, त्यांच्या घरची माणसं, सुरतेकडून आलेला त्यांचा भाचा मागच्या ओसरीच्या खांबाला टेकून. मी आमच्या मागच्या दाराच्या फटीतून पाहत होते. नानांनी दगड काढला आणि डालं उचललं. त्यांनी खाली पाहिलं आणि त्यांची मान किंचित आखडली. आदल्या सकाळी ते पाऊल त्यांनी स्वतः मोजलेलं होतं. मला आज खात्रीनं वाटतं की त्यांना तिथंच सगळं समजलं. डालं त्यांच्याच घरचं होतं, आणि माझे पाय त्यांच्याइतके कुणाला माहीत होते?

वेस्ता बाबा उकिडवा बसला. मातीचा वास घेतला, बोटानं कड चाचपली. मग हसला. "फौजदार, हाई पाऊल कालदिन दुपारनं शे. चोरनं नई."

"मंग कोनं शे?" सेठ म्हणाले.

वेस्ता बाबानं काडी मोडली, पावलावर धरली आणि आमच्या दाराकडे जाणाऱ्या धुळीकडे पाहिलं. मग नानांकडे पाहिलं. "फौजदार, काढू का माग?"

नाना 'राहू दे' म्हणू शकले असते. ठाण्याचा कारभार त्यांचा होता, एवढं म्हणायला कुणाची परवानगी लागत नव्हती. ते म्हणाले, "काढ."

बोळ काही लांब नव्हता. वेस्ता बाबा पुढे, नाना मागे, सेठ, भिका आणि गाव त्यांच्या मागे. मी फटीतून बघत होते आणि ती काडी माझ्याकडे येत होती. माग आमच्या दाराशी थांबला. कुणी हसलं नाही. सेठच म्हणाले, "फौजदारसाहेब, माग ते तुम्हनाच दारशी थांबना!"

"येसू," नाना म्हणाले, "बाहेर ये. पाय दखाड."

मी उंबरठ्यावर पाय ठेवला. वेस्ता बाबानं काडी लावली. "बराबर," तो म्हणाला, अगदी मायेनं, जसा कासार बांगडी बसल्यावर म्हणतो. मग मी सगळं सांगितलं, उभ्या उभ्या, सगळ्यांसमोर. घार, डालं, पडलेला पाय आणि उमटवलेला पाय. वेस्ता बाबा धुळीत बसला आणि मला शेजारी बसवलं. "आठे काढ. पहिलं पाऊल तू देखं ना? कसं व्हतं?"

मी बोटानं काढलं. टाच, मधला भाग, आणि पाच बोटं, चिकटलेली.

"आंगठा?"

"तो बी चिकटेल."

त्यानं आपला पाय माझ्या चित्राशेजारी ठेवला. पंख्यासारखी पसरलेली बोटं, अंगठा बाजूला गेलेला. "हाऊ देखा आम्हना पाय. डोंगर धरेल शे. गोमाना बी आसाच." मग माझ्या चित्रावर बोट ठेवून म्हणाला, "आनि हाऊ जोडा घालनारना पाय."

बोळात जोडे घालणारे चारपाचच होते. भाचा ओसरीवरून आत गेला. ते सेठनी पाहिलं, नानांनी पाहिलं, मी पाहिलं. सेठचा चेहरा उतरला आणि म्हणूनच त्यांचा आवाज चढला. "तुम्हनी पोर पाऊल पुसस, आनि तीच सांगस ते कोनं व्हतं! वा रे कायदा! भीलले सोडासाठे हाई नाटक!"

"सेठ," नाना म्हणाले, "तुम्हना शब्द बी मी लिखसू. जसाना तसा."

आणि ते ठाण्यात जाऊन खरोखरच लिहायला बसले. मी दाराशी उभी होते. भिका हात जोडून विनवत होता, कारण त्याचीही मान त्यात अडकलेली होती. "साहेब, पोरनं नाव नका लिखू. कुत्रं लिखा. बकरी लिखा. बकरीनी पाऊल पुसं आसं लिखा."

"बकरीले पाच बोटं ऱ्हातस का, भिका?" नानांनी वर न पाहता विचारलं.

त्यांनी लिहिलं की पुरावा त्यांच्या मुलीनं नष्ट केला, डालं त्यांच्या घरचं होतं, पहारा त्यांच्या हाताखालचा होता, सबब जबाबदारी त्यांची. गोमाविरुद्ध काही उरलं नाही म्हणून त्याला त्याच दुपारी सोडलं. सेठनी वर अर्ज केला, की फौजदारानं आपल्या पोरीकरवी पाऊल बदलवलं. लेखी कबुली तर नानांच्याच हातची होती. भाच्यालाही विचारलं, पण त्या घरचं कुणी तोंड उघडेना, आणि पाऊल तर नव्हतंच.

नानांनी मला मारलं नाही. मारलं असतं तर मी ते विसरूनही गेले असते. रविवारी वेणी घालताना मागून आवाज आला, "पुसाई गयं ते गयं. पन दुसरं काबरं काढं?"

मी म्हणाले, लोक तुम्हाला हसतील म्हणून.

फणी थांबली. मग ते म्हणाले, "मन्हासाठे खोटं पाऊल नको काढजो, पोरी. कधीच." आणि वेणी पुढे सुरू झाली, नेहमीसारखी आवळून.

पावसाळ्यानंतर कंदोरा सेठच्या घरातच सापडला, भाच्याच्या ट्रंकेत. सुनेलाच सापडला. भाचा सुरतेला गेला तो परत आला नाही. सेठ ठाण्यात येऊन एवढंच म्हणाले, "घरमाच व्हता." त्यांनी अर्ज मागे घेतला, पण अर्ज पुढे निघून गेलेला होता. दिवाळीनंतर बदलीचा हुकूम आला. तापीच्या पलीकडे, विसरवाडीच्या अंगाला, जंगलातली एक चौकी. फौजदारानं तिथं जायचं म्हणजे काय ते सगळ्यांना कळत होतं. नानांनी हुकूम वाचला, घडी केली आणि मायला विचारलं, "तठे वांगा चांगला मियतस म्हने?"

निघायच्या दिवशी मायनं सगळं घर सारवलं. आपण सोडलेल्या घरात पुढच्या बाईनं मळक्या जमिनीवर पाय ठेवू नये, असा तिचा नियम. गाडी भरली. चंपालाल सेठ आले, मायच्या हातात शेवेचा पुडा दिला आणि नानांसमोर उभे राहिले. नाना म्हणाले, "सेठ, सुनले सांभाळा. खरं तिनीच बाहेर काढं." गोमा आला तो टॉवेलात दोन पिलं घेऊन. "घारनी लेयेल त्याना बदले," तो मला म्हणाला. मी म्हणाले, एकच नेलं होतं. तो म्हणाला, "एक एकलं रडस." त्यानंच पिलं गाडीत ठेवली आणि त्यांच्यावर लाल चिंधीचं डालं झाकलं.

बैल जुंपले तेव्हा नानांना काठी आठवली. ओट्यावर बूट काढून ते ओल्या सारवणावरून आत गेले, काठी घेऊन बाहेर आले, बूट घातले आणि गल्लीच्या तोंडाकडे चालू लागले. थोड्या वेळानं फरशी वाजली. माझ्याशेजारी उभ्या मायचा हात उगाचच पुढे गेला आणि थांबला. नव्या चौकीच्या घरी पुढे महिनाभर भाकऱ्या एकतर करपायच्या नाहीतर कच्च्या राहायच्या. तिथं वाजणारं काही नव्हतं.

गेल्या साली कामानं त्या भागात गेले होते. डोंगरात जाणाऱ्या जिपा भरून उभ्या होत्या, ठाण्याची इमारत नवी, बोळ डांबरी. फरशी शोधली. नव्हती, आणि असायचं कारणही नव्हतं. जन्मभर मी लोकांचे पाय हातात घेतले, जन्मलेल्यांचे आणि गेलेल्यांचे. नाना गेले तेव्हा त्यांचेही धुतले. पण मला आठवतात ते गाव सोडायच्या दिवशीचे. मी दारातून मागे वळून पाहिलं. रिकाम्या घरात ओल्या सारवणावर त्यांची पावलं आत गेलेली आणि बाहेर आलेली दिसत होती. टाच खोल, बोटं एकमेकींना चिकटलेली, बूट घालणाऱ्याची. संध्याकाळी नव्या फौजदाराचं बिऱ्हाड येणार होतं आणि त्यांच्यावरून चालणार होतं. एखादं तरी झाकून ठेवावं असं मला फार वाटलं. पण डालं गाडीत चढलेलं होतं, आणि त्याच्याखाली गोमाची पिलं ओरडत होती.